चाळीस अंश

दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करायला जो माणूस स्वतःचा तवा घेऊन येतो, त्याच्या मनात काहीतरी असतं. उगाच कोणी अडीच किलोचं बीड काखोटीला मारून तीन जिने चढत नाही. त्यातून या माणसाचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा आणि आमच्या इमारतीला लिफ्टच नाही. तरी तो वर आला तेव्हा त्याला धाप लागलेली नव्हती. तेही मला खटकलंच.

"काकू, नमस्कार," तो म्हणाला.

पहिल्याच भेटीत 'आई' म्हणाला असता तर मी समजले असते की गडी लाघवी आहे, सांभाळून राहा. 'काकू' म्हणाला, म्हणजे आणखीच सावध राहायला हवं. बेतानं पावलं टाकणारा दिसतोय. फुलंबिलं काही आणली नव्हती. एका हातात टॉवेलात गुंडाळलेला तो खोलगट तवा आणि दुसऱ्या हातात अंड्यांचा खोका.

"अंडी घरात आहेत," मी म्हणाले.

"असू देत. चार-सहा वाया गेली तर तुमची नकोत जायला."

माझ्या मनात पाल चुकचुकली ती इथेच. जो करायच्या आधीच वाया जाण्याचं बोलतो, त्याला स्वतःच्या हातावर भरवसा नाही. लेक मात्र त्याच्याकडे असं बघत होती, जणू त्याने केवढा मोठा समजूतदारपणा दाखवला.

माझी लेक एकोणचाळीस वर्षांची आहे. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. त्या दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट अडकली, हा सोडवायला आला आणि पुढे जे व्हायचं ते झालं. गुरुवारी तिने मला समोर बसवून सगळं सांगितलं. दोघांना लग्न करायचंय. त्याच्या कंपनीने त्याला दुसऱ्या शहरातली मोठी जागा देऊ केलीय. गाडीने पाच तास. सोमवारपर्यंत त्याने हो किंवा नाही कळवायचं.

"तो इथेही राहायला तयार आहे," लेक म्हणाली. "आपली मागची खोली रिकामीच आहे. पण तुला मनापासून चालणार असेल तरच. रविवारी तो येईल, आपल्याला नाश्ता करून घालेल. तू त्याला बघ. मग आपण ठरवू."

आपण ठरवू म्हणाली. पण मला ऐकू आलं ते एवढंच, की सोमवारनंतर माझी मुलगी एकतर माझ्याजवळ असेल नाहीतर पाच तासांवर. आणि तिसराही एक मार्ग मला दिसत होता, तो मी तिला बोलून दाखवला नाही. हा माणूस एकटाच त्या मोठ्या जागेवर जाईल आणि ती राहील.

बघ म्हणाली ना? मग बघायला कोणी मला शिकवू नये. एकतीस वर्षं मी बिस्किटांच्या कारखान्यात तपासणीवर काढली आहेत. पट्ट्यावरून बिस्किटांची रांग धावायची आणि त्यातलं एक कडेला जरा जास्त भाजलेलं मला हटकून दिसायचं. आमच्या खात्याचा एक नियम होता. भट्टीत एक घाणा चालू असताना तपासनिसाने भट्टीवाल्याशी बोलायचं नाही. काही चुकतंय हे दिसलं तरी तोंडात मिठाची गुळणी धरायची. माल बाहेर आला की मग शेरा मारायचा. बोललं की भट्टीवाला सावध होतो आणि त्याचं खरं काम काय ते कळत नाही. हा नियम मी घरीही पाळला. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "अगं, भाजी करपतेय हे दिसतंय तर सांग ना!" मी म्हणायचे, बघत होते तुमचं लक्ष आहे का.

तर मी स्वयंपाकघरात स्टूल ओढलं आणि बसले.

"काय करणार आहात?" मी विचारलं.

"पॅनकेक. पण ओव्हनमधला. फुगतो."

"सोडा किती घालता?"

"सोडा नाही काकू."

"मग यीस्ट?"

"तेही नाही. तीन अंडी, अर्धा कप मैदा, अर्धा कप दूध, चिमूटभर मीठ, चमचाभर साखर. बस."

"मग फुगतो कशाने?"

"वाफेने."

वाफेने! मी लेकीकडे बघितलं. ती लिंबू धूत होती. मी हयात भट्टीशेजारी घालवली आणि हा मला सांगतोय की नुसत्या वाफेने मैदा फुगतो. एकदा वाटलं, खिशात काहीतरी पुडी असणार. म्हणून मी त्याच्या हातांवरची नजर हलवली नाही. त्याने अंडी एकेक करून वाटीत फोडली, वास घेतला, मग भांड्यात ओतली. वास घेतला हे मला पटलं, पण पटलं असं मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. मैदा चाळला. दूध कोमट करून घेतलं. रवीने फेटताना एक थेंबही ओट्यावर उडाला नाही.

"आधी लग्न झालं होतं ना तुमचं?" मी खडा टाकून बघितला.

"आई," लेक म्हणाली.

"हो, झालं होतं," तो फेटता फेटताच म्हणाला. "सहा वर्षं. नाही जमलं. चूक बरीचशी माझीच होती. मी घरी नसायचोच."

आता हे इतकं सरळ कोण बोलतं? लपवलं असतं तर लपवतो म्हणता आलं असतं. पण आपली चूक आपणच ताटात वाढून ठेवणारा माणूस त्याहून मोठी चूक कुठेतरी झाकून ठेवत असतो. मी ते मनात टिपून ठेवलं.

"याला जरा वीस मिनिटं राहू द्यायचं," त्याने भांड्यावर ताटली झाकली. "तोवर तवा ओव्हनमध्येच तापवायचा. तवा चांगला सणसणीत तापायला हवा, तरच कडा भिंतीला धरून वर चढतात. दोनशेवीस." तो ओव्हनच्या डायलपाशी वाकला आणि मग थांबून माझ्याकडे वळला. "काकू, ओव्हन बरोबर चालतो ना?"

आता सांगते. आमचा ओव्हन खोटारडा आहे. यांनी तो आणला त्याच वर्षी मी कारखान्यातला तापमापक पर्समधून घरी आणून तपासला होता. डायलवर दोनशेवीस लावलं की आत भरतात जेमतेम एकशेऐंशी. चाळीस अंशांचा फरक. बदलून आणायचा तर यांना जिवावर आलं, म्हणून आम्ही तो तसाच वापरला. काहीही करायचं असलं की चाळीस पुढे लावायचं. लेकसुद्धा लहानपणी केक करायची तेव्हा "चाळीस पुढे, चाळीस पुढे" असं गाणं म्हणत डायल फिरवायची. पण त्याला आता किती वर्षं झाली. तिने ओव्हनला हात लावूनच जमाना झालाय. मी तिच्याकडे तिरक्या नजरेने बघितलं. ती लिंबू कापत होती. सुरी जराशी थबकल्यासारखी वाटली, मग परत चालू झाली. विसरलीय, मी म्हटलं, आणि मला हायसं वाटलं.

"आमच्या ह्यांनी घेतलेला आहे," मी त्याला म्हणाले.

खोटं बोलले का मी? नाही. घेतला यांनीच होता.

"मग चांगलाच असणार," असं म्हणून त्याने डायल दोनशेवीसवर नेला.

वीस मिनिटं आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. मी त्याला विचारलं, लिफ्ट मधेच पडते का? तो म्हणाला, पडत नाही, अडकते. लोकांना पडायची भीती वाटते, पण खरा त्रास अडकण्याचा. मी विचारलं, अडकलेल्या माणसाला तुम्ही बाहेरून काय सांगता? तो म्हणाला, मी आधी माझं नाव सांगतो. मग कुठे आहे ते सांगतो. मग काय करतोय ते एकेक करून सांगत राहतो. "आतल्याला काही दिसत नसतं ना काकू. आपण गप्प राहिलो तर तो वाटेल ते मनात आणतो."

लेक हसली. मी हसले नाही. छान छान बोलणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. पण माझे कान तापलेत हे मला जाणवत होतं आणि का तापलेत ते मला कळत होतं. अजून वेळ गेलेली नव्हती. उठून आत जायचं, डायल पुढे सरकवायचा आणि म्हणायचं, अहो, सांगायचंच राहिलं. दहा पावलांचं काम. मी स्वतःला म्हटलं, घाणा चालू आहे. बघू तर खरं. ज्याला बिडाचा तवा कळतो त्याला तव्याची आच कळायला नको? कळली तर तो स्वतःच डायल पुढे लावेल. नाही कळली तर मग त्याचं बोलणं तेवढंच.

आत गेल्यावर त्याने तव्यात लोणी टाकलं. लोणी हळूहळू वितळलं. चर्र झालं नाही. त्याच्या कपाळावर एक आठी पडली, पण तो काही बोलला नाही. दुसऱ्याच्या घरच्या वस्तूला नाव ठेवायचं नाही असं त्याला कोणीतरी शिकवलेलं असणार. त्याने पीठ ओतलं, दार लावलं.

"आता अठरा मिनिटं दार उघडायचं नाही," तो म्हणाला.

आम्ही तिघं काचेसमोर उभे राहिलो. आतला दिवा पिवळा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कडा बोटभर वर आल्या आणि तिथेच राहिल्या. मधला भाग ओला दिसत होता. तो वाकून बघायचा, सरळ व्हायचा, परत वाकायचा. तेराव्या मिनिटाला म्हणाला, "असं कधी होत नाही." अठराव्या मिनिटाला म्हणाला, "अजून पाच देऊ." त्याने तेविसाव्या मिनिटाला तवा बाहेर काढला तेव्हा त्यात एक फिकट, बसकी, ऑम्लेटची सावत्र बहीण पडली होती. मधे बोट लावलं तर ते चिकटलं.

त्याची मान लाल झाली. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, पण शाळेत फळ्यासमोर उभा केल्यासारखा.

"सॉरी काकू. तुमची सकाळ घालवली मी. काय चुकलं तेच कळत नाहीये."

मी मोठ्या मनाची होऊन म्हणाले, "होतं हो असं. सवय लागते."

हे म्हणताना मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू. अगदी थोडा वेळ, पण वाटलं.

लेकीने सुरी खाली ठेवली. हात पुसले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आई, दोनशेवीस हवं असेल तर आपल्या ओव्हनला किती लावायचं?"

"काय?"

"किती लावायचं?"

एकतीस वर्षांची सवय. आकडा विचारला की तोंडातून बरोबर आकडाच येतो.

"दोनशे साठ," मी म्हणाले.

तो डायलकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग तिच्याकडे.

"मला माहीत होतं," लेक म्हणाली. "त्याने विचारलं तेव्हाच माझ्या तोंडावर आलं होतं. मग म्हटलं, थांबावं. आई सांगतेय का बघू."

"मग तू का नाही सांगितलंस?" मी आवाज चढवला. "मलाच कशाला धरतेस? तूसुद्धा गप्पच होतीस की!"

"मी सांगितलं असतं तर मला हे कधीच कळलं नसतं."

"निदान मला तरी सांगायचंस," तो तिला म्हणाला. हळूच म्हणाला, पण त्याला लागलं होतं.

"हो. तुझी माफी मागते मी. तुझ्यावर नव्हता हा प्रयोग, पण केला तुझ्याच जिवावर." मग ती माझ्याकडे वळली. लोकांच्या डोळ्यांत दिवा धरून बघते ना, तशी बघत होती. "आणि त्याचं काय केलं होतंस, आई?"

"कोणाचं?"

"तुला माहितीये कोणाचं."

माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी एक दाढीवाला आमच्या घरी यायचा. तिच्या दुकानात काचा बसवायचा. दोनदा जेवायला आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा लेक अंघोळीला गेली असताना आम्ही दोघंच अर्धा तास बाहेरच्या खोलीत बसलो होतो. त्यानंतर त्याने तिचा फोन उचलणं बंद केलं. काचांची नोकरीही सोडली. ती कितीतरी महिने फोन उशाशी घेऊन झोपायची. मला तिने एका शब्दाने काही विचारलं नाही. मला वाटायचं, सावरली. म्हणजे अकरा वर्षं ती विचारत होती, फक्त मनातल्या मनात.

"मी काही केलं नव्हतं," मी म्हणाले.

"बरं."

"अगं खरंच काही केलं नव्हतं! आम्ही बोललो काय, तर तो त्याच्या आईच्या गुडघ्याविषयी बोलत होता. मी त्याला तेल कुठलं लावायचं ते सांगितलं. का गेला ते मला आजतागायत माहीत नाही."

"बरं म्हटलं ना मी."

मला तो आवाज ओळखीचा होता. भट्टीवाला शपथेवर सांगायचा की बाई, आच मी बदलली नाही, तेव्हा मी त्याला असंच 'बरं' म्हणायचे आणि वहीत शेरा मारायचे. खरं तर तो दाढीवाला मला आवडला होता. जेवून उठल्यावर स्वतःचं ताट उचलायचा. ते मी तिला कधी सांगितलं नाही, कारण आवडलेल्या माणसाबद्दल काही बोलावं लागतं असं मला कधी वाटलंच नाही. आता सांगायला गेले तर कोण ऐकणार होतं? मला रडू येत होतं आणि रडले तर तेही नाटक वाटेल म्हणून मी रडलेही नाही.

"आम्ही तिकडे जातोय," लेक म्हणाली. "तू उद्याच कळवून टाक," हे त्याला. "मी खाली थांबते. तुझं आवरून ये."

चपला घालताना तिने मागे वळून बघितलं नाही. दार तिने आपटलं नाही. आपटलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

तो निघून जाईल असं मला वाटलं होतं. गेला नाही. त्याने तो बसका गोळा कचऱ्यात टाकला, तव्याला गरम पाणी आणि मूठभर मीठ लावलं आणि घासत राहिला. साबण लावला नाही. एवढं होऊनही माझ्या मनात आलंच, साबण का नाही लावत हा?

"त्या दाढीवाल्याचं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "मी खरंच काही केलं नव्हतं."

"पटतंय मला," तो म्हणाला.

आणि माझ्या मनात पहिला विचार कुठला यावा? याला काय हवंय. असंच आलं. ज्या माणसाची मी आत्ता त्याच्या तोंडावर फजिती केली होती, त्याचं एक चांगलं वाक्यसुद्धा मला सरळ घेता येईना. मला माझीच शिसारी आली.

"का पटतंय?" मी विचारलं.

त्याने तवा गॅसवर कोरडा करायला ठेवला. "मघाशी मी ओव्हनचं विचारलं तेव्हा तुम्ही खोटं बोलला नाहीत. बोलणं वळवलंत. मग बाहेर बसलो तेव्हा तुमचे कान लाल झाले होते. तेव्हा मला कळलं नाही कशाने ते. आता तसे झालेले नाहीत."

म्हणजे तोही बघत होता. आमच्या घरात त्या सकाळी सगळे एकमेकांना बघतच होते आणि त्यातला हा एकटाच काहीतरी बरं बघून निघाला होता.

"मग तिला सांगा ना तुम्ही," मी म्हणाले. मी त्याचं मनगट धरलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. "माझं नाही ऐकायची ती. तुमचं ऐकेल. तिला सांगा की आईने त्याला घालवलं नव्हतं. जायचं तर जा दोघं, मी अडवत नाही. पण हे घेऊन जाऊ नका बरोबर."

त्याने तवा कोरडा झालाय का बघितलं. मग गॅस बंद केला.

"सांगतो काकू. आत्ता खाली गेल्या गेल्या सांगतो. पण ती मला एकच गोष्ट विचारेल."

"काय?"

"आईने सांगायला लावलं का? मग मी काय म्हणू?"

नाही म्हणा, असं सांगणं किती सोपं होतं. एक शब्द. तो म्हणालाही असता, असा तो माणूस होता.

"लावलं म्हणून सांगा," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, तवा उचलला आणि तो जिना उतरून गेला. मी मुद्दामच खिडकीशी गेले नाही. तिने विचारलं की नाही, हे मला वरून तिच्या चेहऱ्यावरून कळलं असतं.